पन्नास डॉलरच्या अलीकडे: ख्रिस फर्ग्युसन आणि फुकट पोकर टूर्नामेंट

फ्रीरोल म्हणजे प्रवेश फी नसलेली, पण शेवटी खरं बक्षीस देणारी ऑनलाइन पोकर टूर्नामेंट. सराव म्हणून ती खेळावी का, खेळली तर हाताला नेमकं काय लागतं, आणि बहुतेक जण तिथेच का अडकून पडतात, हे समजून घ्यायला ख्रिस फर्ग्युसनचं प्रकरण फार उपयोगी आहे. 2006 साली त्याने खात्यात शून्य डॉलर ठेवून सुरुवात केली. एकही डॉलर न भरता 10,000 डॉलरपर्यंत पोहोचायचं, असं त्याने जाहीर केलं आणि 2007 साली, सुमारे सोळा महिन्यांनी, ते करून दाखवलं. त्यातले पहिले सात महिने मुख्यतः फ्रीरोलमध्ये गेले. या लेखाचा भर त्या सात महिन्यांवर आहे. फर्ग्युसनबद्दलची माहिती जाहीर आहे. टेबलावरचे डाव मात्र मुद्दा समजावून सांगण्यासाठी मांडले आहेत.

हा माणूस नवशिका नव्हता, हे आधीच लक्षात घ्यायला हवं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातून संगणकशास्त्रात पीएचडी केलेला, वडील त्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि गेम थिअरीचे जाणकार. 2000 साली लास व्हेगसला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य टूर्नामेंट जिंकून त्याने 15 लाख डॉलर मिळवले होते. शेवटच्या डावात त्याच्याकडे एक्का-नव्वी, समोर टी. जे. क्लूटियरकडे एक्का-राणी, आणि शेवटच्या पत्त्यावर नव्वी आली. असा जगज्जेता खेळाडू फुकट टूर्नामेंटांमध्ये बसला, अधूनमधून डॉलर-दोन डॉलर जिंकला आणि ते लगेच घालवून पुन्हा शून्यावर आला. असं वारंवार झालं, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. पैसे भरून खेळायच्या सगळ्यात खालच्या पातळीवर गेल्यावरही सुरुवातीला तो बऱ्याचदा कफल्लक झाला. आपण फ्रीरोलमध्ये तीन आठवडे खेळून काही हाती लागलं नाही म्हणून निराश होतो, तेव्हा हे आठवावं. अडचण फक्त कौशल्याची नाही, रचनेचीही आहे.

रचना आकड्यांत पाहू. समजा एका फ्रीरोलचं बक्षीस 50 डॉलर आहे आणि 2,000 जण बसले आहेत. माणशी सरासरी वाटा अडीच सेंट. तुम्ही सरासरी खेळाडूच्या तिप्पट चांगले असलात तरी एका टूर्नामेंटमागे साडेसात सेंट. शेवटच्या टेबलापर्यंत जायला तीन-चार तास लागतात. बक्षिसाची उतरंड टोकाला जड असते, म्हणजे पहिल्या नंबराला आठ-दहा डॉलर आणि शंभराव्याला वीस सेंट अशा धाटणीची. त्यामुळे सरासरी साडेसात सेंट असली तरी प्रत्यक्षात बहुतेक दिवस शून्य, आणि कधीतरी एखादा डॉलर. कमाई म्हणून फ्रीरोल हा तोट्यातला धंदा आहे. वेळेच्या बदल्यात काही मिळवायचं असेल तर ते सरावातूनच मिळवावं लागतं, आणि तो सराव आपोआप होत नाही.

टेबलावर काय दिसतं

सर्वसाधारण फ्रीरोलमध्ये 1,500 चिप्स मिळतात, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दर डावाला दोघांनी सक्तीने भरायच्या छोट्या-मोठ्या रकमा) 10/20 पासून सुरू होतात आणि दर पाच-सहा मिनिटांनी वाढतात. सुरुवातीला तुमच्याकडे 75 मोठे ब्लाइंड असतात, म्हणजे ऐसपैस स्टॅक (आपल्या चिप्सचा साठा). पण पहिल्या दहा मिनिटांत दोन विचित्र गोष्टी घडतात. काही खुर्च्या रिकाम्याच असतात: नाव नोंदवलेलं, माणूस नाही. त्यांचे ब्लाइंड आपोआप भरले जातात आणि पत्ते आपोआप फोल्ड होतात, म्हणजे टाकले जातात. आणि बाकीच्यांपैकी दोघं-तिघं पहिल्याच डावात डोळे झाकून ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्या चिप्स लावतात. लवकर दुप्पट-तिप्पट होऊ दे, नाहीतर झोपायला मोकळे, असा त्यांचा हिशोब.

रिकाम्या खुर्च्यांचा फायदा घेणं हा निर्भेळ चांगला सराव आहे. तुमच्या डाव्या हाताच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या असतील, तर तुम्ही बटणावर (ब्लाइंडवाल्यांच्या लगेच आधीची, वाटणाऱ्याची जागा) असताना ते दोन्ही ब्लाइंड अनाथ असतात. तुमच्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले की कोणत्याही दोन पत्त्यांवर छोटी रेझ (वाढीव बोली) मारायची. दर फेरीला दीड ब्लाइंड मिळतो. रक्कम किरकोळ आहे, पण पत्ते बघायच्या आधी खुर्च्या बघायची सवय लागते, आणि पुढे पैशांच्या टेबलावर ही सवय रोज उपयोगी पडते.

डोळे झाकून ऑल-इन करणाऱ्यांचं गणित वेगळं. समजा तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आहे आणि चौघांनी वाटेल त्या पत्त्यांवर ऑल-इन केलं आहे. तुमची जिंकण्याची शक्यता साधारण 56 टक्के. पॉट, म्हणजे डावात जमलेल्या चिप्सचा ढीग, 7,500 चा, त्यामुळे सरासरी हिशोब 4,200 चिप्सचा बसतो, आणि तुम्ही लावताय 1,500. कॉल करायचाच, म्हणजे त्यांच्याएवढ्या चिप्स लावायच्याच, यात शंका नाही. पण शंभरातल्या 44 वेळा सगळ्यात चांगले पत्ते असताना तुम्ही बाहेर जाल. फ्रीरोलमध्ये बाहेर जाणं स्वस्त असतं, म्हणून हा धडा इथे बिनखर्चात घेता येतो: निर्णय बरोबर आणि निकाल वाईट, हे दोन्ही एकाच डावात असू शकतं. ज्याला हे पटायला वेळ लागतो तो नंतर पैशांच्या टेबलावर एक्के हरला की पुढचे चार डाव रागात खेळतो.

फ्रीरोल सगळ्यात चांगलं काय शिकवत असेल तर चांगल्या पत्त्यांचे पुरेपूर पैसे वसूल करायला. समजा तुमच्या हातात एक्का-राजा, टेबलावर फ्लॉप (पहिले तीन सामायिक पत्ते) राजा-अठ्ठी-तिर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे, पॉट 200 चिप्स आणि दोघांचेही स्टॅक 2,000 च्या आसपास. समोरचा अठ्ठीची जोडी धरून बसलाय आणि टाकायला तयार नाही. तुम्ही आता आणि पुढच्या दोन्ही पत्त्यांनंतर, अशा तिन्ही वेळा पॉटच्या एक तृतीयांश लावलंत, तर तो एकूण सुमारे 360 चिप्स देतो. तिन्ही वेळा तीन चतुर्थांश लावलंत, तर 150, मग 375, मग साधारण 940, म्हणजे 1,460 च्या वर. डाव तोच, पत्ते तेच, वसुली चौपट. फ्रीरोलमधला प्रतिस्पर्धी रकमेकडे फारसं बघत नाही, त्याला फक्त पुढचा पत्ता पाहायचा असतो. म्हणून मोठी बेट. पत्ते वाटल्यानंतरच्या रेझचंही तसंच: आधी दोघांनी नुसता कॉल केला असेल तर अडीच ब्लाइंडची नाजूक रेझ कोणाला हलवत नाही. तीन ब्लाइंड अधिक प्रत्येक कॉलमागे एक, म्हणजे पाच ब्लाइंड मारावेत.

तोच शॉव्ह, उलटं उत्तर

आता फ्रीरोल कुठे चुकीचं शिकवते ते पाहू. हा भाग बारकाईने वाचावा, कारण बहुतेकांचं नुकसान इथेच होतं.

टूर्नामेंट अर्ध्यावर आली आहे. ब्लाइंड 100/200, अँटी (दर डावाला प्रत्येकाने भरायची रक्कम) 25, टेबलावर नऊ जण. पत्ते उघडायच्या आधीच पॉटमध्ये 525 चिप्स आहेत. तुम्ही बटणावर, अँटी भरल्यावर तुमच्याकडे 2,000 शिल्लक. दहा ब्लाइंड. बसून राहिलात तर प्रत्येक फेरीला 525 जातात, म्हणजे चार फेऱ्या पुऱ्या व्हायच्या आत तुम्ही संपलेले असाल. तुमच्यापर्यंत सगळ्यांनी फोल्ड केलं. हातात अठ्ठी-तिर्री, वेगवेगळ्या रंगांची. दोन्ही ब्लाइंडवाल्यांकडे तुमच्यापेक्षा जास्त चिप्स आहेत. ऑल-इन करायचं का (यालाच शॉव्ह म्हणतात)?

पैसे भरून खेळायच्या टूर्नामेंटमध्ये, समजा, दोन्ही ब्लाइंडवाले आपापल्या 15 टक्के पत्त्यांवर कॉल करतात. दोघंही फोल्ड करण्याची शक्यता 0.85 गुणिले 0.85, म्हणजे सुमारे 72 टक्के. तेवढ्या वेळा 525 फुकट मिळतात, सरासरी 379. उरलेल्या 28 टक्के वेळा कॉल येतो. तेव्हा पॉट साधारण 4,375 चा होतो आणि तुमची शक्यता 27 टक्क्यांच्या आसपास धरली, तर प्रत्येक कॉलमागे सुमारे 819 चिप्सचं नुकसान, सरासरीत 227. वजाबाकी केली की दर शॉव्हमागे 152 चिप्सचा फायदा. इतके टाकाऊ पत्ते असूनही फायदा, कारण पत्ते नव्हे तर समोरच्याची फोल्ड करण्याची तयारी पैसे देते.

हाच शॉव्ह फ्रीरोलमध्ये. इथे ब्लाइंडवाले 35 टक्के पत्त्यांवर कॉल करतात असं धरा. दोघं फोल्ड करण्याची शक्यता आता 42 टक्के, त्यातून सरासरी 222 मिळतात. कॉल करणाऱ्याचे पत्ते कमजोर असल्यामुळे तुमची शक्यता 31 टक्क्यांवर जाते, पण कॉल आता 58 टक्के वेळा येतो आणि प्रत्येक कॉलमागे 644 जातात. सरासरीत 372 चं नुकसान. बेरीज उणे 150.

खुर्ची तीच, पत्ते तेच, ब्लाइंड तेच. एकीकडे अधिक 152, दुसरीकडे उणे 150. दोन-चार महिने फक्त फ्रीरोल खेळलेला माणूस अनुभवाने शिकतो की ब्लाइंड चोरून काही मिळत नाही, चांगले पत्ते येईपर्यंत थांबावं. फ्रीरोलपुरतं ते बरोबरही आहे. पण पैशांच्या टूर्नामेंटमध्ये तो हाच अनुभव घेऊन बसतो, प्रत्येक फेरीला 525 देत राहतो, आणि तीन ब्लाइंड उरल्यावर मनाजोगे पत्ते येतात तेव्हा कोणी कॉल करायला घाबरत नाही. त्याने शिकलेलं खोटं नव्हतं, दुसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दलचं होतं. म्हणून फ्रीरोलमधून “मी काय करावं” हे शिकायच्या ऐवजी “समोरचा किती वेळा कॉल करतो” हे मोजायला शिकावं. पहिलं उत्तर टेबलागणिक बदलतं, मोजायची रीत बदलत नाही.

छोट्या स्टॅकचाच सराव हवा असेल तर एक सोपी युक्ती आहे. उशिरा नोंदणीची मुभा असते, ती शेवटच्या मिनिटाला वापरायची. ब्लाइंड 50/100 झाल्यावर 1,500 चिप्स घेऊन बसलात तर थेट 15 ब्लाइंडपासून सुरुवात होते आणि ऑल-इन की फोल्ड, हे निर्णय तासाभरात भरपूर येतात. मोठ्या स्टॅकचा, फ्लॉपनंतरच्या खेळाचा सराव हवा असेल तर पहिल्या मिनिटापासून बसावं. दोन्ही एकाच संध्याकाळी करायला जाऊ नये. डावांचा इतिहास फाईलमध्ये जतन होतो. त्यातले फक्त ऑल-इनचे डाव काढून, कॉल करणाऱ्यांनी उघडलेले पत्ते वहीत लिहावेत. आपण धरलेले 35 टक्के खरे होते की 50, हे तीस-चाळीस डावांनंतर दिसायला लागतं. शक्यता काढायला इक्विलॅबसारखं साधन वापरावं, मात्र खेळ संपल्यावर. खेळ चालू असताना कोणती साधनं चालतात याचे प्रत्येक साइटचे नियम असतात, ते आधी वाचावेत.

नियम लागू व्हायला लागतात ती रेष

फर्ग्युसनने स्वतःला तीन नियम घालून घेतले होते. कॅश गेम (चिप्स म्हणजे थेट पैसे, केव्हाही उठता येतं) किंवा सिट अँड गोमध्ये (खेळाडू भरले की लगेच सुरू होणारी छोटी टूर्नामेंट) एकूण बँकरोलच्या, म्हणजे पोकरसाठी असलेल्या सगळ्या पैशांच्या, 5 टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही. बऱ्याच टेबलांच्या टूर्नामेंटमध्ये 2 टक्क्यांहून जास्त फी भरायची नाही. आणि नो-लिमिट (बोलीला मर्यादा नाही) किंवा पॉट-लिमिट (बोली पॉटएवढीच) कॅश गेममध्ये टेबलावरची आपली रक्कम बँकरोलच्या 10 टक्क्यांवर गेली, तर पुढचा ब्लाइंड आपल्यापर्यंत येताच उठायचं. या नियमांना अगदी खालच्या पातळीसाठी सवलत होती: अडीच डॉलरपर्यंतच्या खेळात केव्हाही बसता येईल, आणि एक डॉलरच्या टूर्नामेंटमध्येही.

या सवलतीकडे नीट पाहिलं की पहिल्या महिन्यांचं कोडं सुटतं. अडीच डॉलर हे कशाचे 5 टक्के? पन्नासचे. एक डॉलर कशाचे 2 टक्के? पन्नासचेच. म्हणजे खात्यात 50 डॉलर होईपर्यंत हे दोन्ही नियम व्यवहारात अस्तित्वातच नाहीत. फ्रीरोलमध्ये दोन डॉलर जिंकले की ते दोन्ही एका टेबलावर न्यायची मुभा आहे. शंभर टक्के बँकरोल एका खेळात. एक वाईट डाव आणि पुन्हा शून्य. जगज्जेता वारंवार कफल्लक झाला तो याच पट्ट्यात, जिथे त्याची शिस्त त्याला वाचवू शकत नव्हती.

त्याने ज्या विजयाची आठवण विशेष सांगितली आहे तो एक डॉलरच्या टूर्नामेंटमधला: 683 खेळाडूंत दुसरा नंबर, बक्षीस 104 डॉलर. रक्कम छोटी आहे, पण पन्नासच्या रेषेच्या पलीकडची आहे. 104 वर 2 टक्के म्हणजे दोन डॉलर आठ सेंट, 5 टक्के म्हणजे पाच डॉलर वीस सेंट. आता टूर्नामेंटला एक-दोन डॉलर भरले तरी मागे पन्नासएक प्रयत्न उभे आहेत. पाच डॉलर घेऊन कॅश गेमला बसला आणि ते अकराच्या वर गेले, की दहा टक्क्यांचा नियम त्याला उठवतो. लागोपाठ वीस सिट अँड गो हरला आणि दर वेळी उरलेल्या रकमेच्या 5 टक्केच लावत गेला, तरी 36 टक्के बँकरोल शिल्लक राहतं. 2 टक्क्यांच्या वीस टूर्नामेंट हरला तर 67 टक्के. रक्कम पन्नासच्या खाली गेली तरच पुन्हा जुना धोका.

104 ते 10,000 हे अंतर दुपटीच्या भाषेत साडेसहा पावलांचं आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण नियम लागू असलेल्या प्रदेशातली साडेसहा पावलं, नियम नसलेल्या प्रदेशातल्या पहिल्या पन्नास डॉलरपेक्षा त्याला सोपी गेली. आमच्या मते या प्रकरणातून घ्यायची मुख्य गोष्ट हीच आहे. फ्रीरोलमधून बाहेर पडण्याचा दरवाजा पैशांच्या पहिल्या टेबलावर उघडत नाही, तो पन्नास प्रयत्न परवडतील एवढी गंगाजळी जमल्यावर उघडतो. दोन डॉलर जिंकणाऱ्याने ते कॅश टेबलवर दुप्पट करायला जाण्याऐवजी खात्यात तसेच ठेवून पुढच्या फ्रीरोलला बसावं. खर्च शून्य असलेला खेळ उपलब्ध असताना शंभर टक्के पणाला लावण्याची घाई करायची गरज नाही.

एक पुरवणी माहिती. हे सगळं फुल टिल्ट पोकर या साइटवर झालं आणि फर्ग्युसन त्या कंपनीच्या चालकांपैकी होता. 15 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने तिच्यासह मोठ्या साइट्सवर कारवाई केली. खेळाडूंचे पैसे वेगळे राखलेले नव्हते असा आरोप पुढे झाला आणि खेळाडूंची खाती दीर्घकाळ अडकली. बँकरोलचे नियम टेबलावरच्या धोक्यापासून वाचवतात, साइट बुडण्यापासून नाही. फुकटातून मिळवलेली रक्कम काढून घेण्याजोगी झाली की तिचा काही भाग काढून घ्यावा.

भारतात बसून

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद झाले. पोकरच्या मोठ्या भारतीय अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ थांबवले. पुण्या-मुंबईच्या खेळाडूला फर्ग्युसनची दुसरी पायरी, म्हणजे एक डॉलरची ऑनलाइन टूर्नामेंट, इथे चढता येत नाही. पैशांचं पोकर गोव्याच्या परवानाधारक कॅसिनोत आहे, पण तिथला बाय-इन (बसायला भरायची रक्कम) डॉलर-दोन डॉलरचा नसतो. चुकवाचुकवी करून परदेशी साइटवर खातं उघडण्यात कायद्याचा आणि पैशांचा, दोन्ही धोके आहेत, आणि अडचण आली तर दाद मागायला जागा नाही. ज्या देशात हे कायदेशीर आहे, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांची गोष्ट वेगळी.

इथे राहून सराव करायचा तर नकली चिप्सच्या टूर्नामेंट राहतात, आणि त्यात कॉल करणाऱ्यांचं प्रमाण फ्रीरोलपेक्षाही जास्त असतं. तरीही बँकरोलची शिस्त कागदावर पूर्ण घोटता येते. वहीत 50 एकक लिहून सुरुवात करावी. प्रत्येक टूर्नामेंटला बसताना एक एकक वजा करावं. संपल्यावर, जणू प्रत्येक खेळाडूने एक एकक भरलं होतं असं धरून, ठरावीक वाटपाने आपला वाटा जमा करावा: 683 मध्ये दुसरा आलात तर साधारण 15 टक्के, म्हणजे 104, शेवटच्या टेबलावरचा नववा असाल तर दोनेक टक्के, पहिल्या दहा टक्क्यांत जेमतेम आलात तर दोन एकक, त्याखाली काही नाही. शिल्लक 25 वर आली की फी अर्धं एकक धरायची, 100 वर गेली की दोन. आकडा टूर्नामेंट सुरू व्हायच्या आधी लिहायचा, नंतर नाही. अर्ध्या तासात कंटाळून अठ्ठी-तिर्रीवर ऑल-इन करून उठायची इच्छा होते, तेव्हा वहीतलं ते एक एकक गेलेलं दिसतं. दोनशे टूर्नामेंटनंतर शिल्लक 50 च्या वर आहे की खाली, त्यावरून खेळाचा अंदाज घ्यायला सुरुवात करावी. त्याआधी एखाद्या मोठ्या विजयावर विश्वास ठेवू नये, कारण एकच दुसरा नंबर शंभर टूर्नामेंटची फी भरून काढतो आणि वही फुगलेली दाखवतो. म्हणून सगळ्यात मोठा एक निकाल वगळून बेरीज पुन्हा एकदा करून पाहावी.